‘संत तुकाराम’ (१९३६) : मला उशिरा दिसलेली जिजाई

कंदील

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ मी पहिल्यांदा कधी पाहिला ते आठवत नाही. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा, त्यात कधीतरी पाहिला असणार. नंतर कॉलेजात असताना मुद्दाम पाहिला, नोकरीत असताना दोनदा-तीनदा पाहिला. दर वेळी तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरून नजर हटली नाही. त्यांचे ते मिटलेले डोळे, आवाजातला तो साधेपणा. अभिनय करतोय असं कुठे वाटतच नाही.

गेल्या महिन्यात आईबरोबर पाहिला आणि लक्षात आलं की इतकी वर्षं मी अर्धाच सिनेमा पाहत होतो.

आई समोर परात घेऊन मेथी निवडत बसली होती. सिनेमा तिने पूर्वी पाहिलेला, त्यामुळे अधूनमधून मान वर करायची, एखादी ओळ गुणगुणायची आणि पुन्हा जुडीत हात घालायची. मग तो प्रसंग आला. पोर आजारी आहे, घरात दाणा नाही, नवरा भजनात आहे. तुकोबांच्या बायकोचा, जिजाईचा संयम संपतो. एका हाताने पोराला ओढत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन ती थेट देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला. आईचा हात मेथीच्या काडीवर तसाच थांबला. प्रसंग संपेपर्यंत तिने ती काडी मोडली नाही. मग म्हणाली, “हिचं काय चुकलं, सांग बरं.”

मला उत्तर देता आलं नाही.

माझे वडील फार चांगले होते. गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं दवाखान्याचं बिल, वाचनालयाचं छप्पर. सगळीकडे ते पुढे. पगाराच्या दिवशी घरी पोचेपर्यंत पाकीट निम्मं झालेलं असायचं. वडील गेले तेव्हा लोक रडत होते आणि आम्हाला त्यांचा अभिमान वाटत होता, आजही वाटतो. पण महिन्याच्या वीस तारखेनंतर डब्यात काय आहे ते आईला माहीत असायचं, आम्हाला नाही. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. परवा पहिल्यांदा बोलली, तेही दुसऱ्या बाईच्या निमित्ताने.

म्हणून दुसऱ्या दिवशी रात्री एकट्याने सिनेमा पुन्हा लावला आणि या वेळी फक्त जिजाईकडे बघायचं ठरवलं. जे दिसलं ते लिहितो.

दिग्दर्शक दामले-फत्तेलाल जिजाईला एकदाही हसण्यावारी नेत नाहीत. संतपटात संताची बायको म्हटली की दोनच साचे असतात. एकतर पायाशी बसलेली साध्वी, नाहीतर कडाकडा बोटं मोडणारी कैदाशीण. इथे ती भांडते, कडकडून भांडते, पण तिचं प्रत्येक वाक्य हिशेबाला बरोबर असतं. पोरांना काय घालू? वाण्याला काय सांगू? याचं उत्तर तुकोबांच्या अभंगात नाही, आणि सिनेमा ते आहे असं भासवतही नाही. तुकोबा तिच्यावर चिडत नाहीत, तिला अज्ञानी ठरवत नाहीत, ऐकून घेतात. दोघंही खरे आहेत आणि दोघांचं जमत नाही. एवढी अवघड गोष्ट १९३६ साली, तीही भाबड्या भक्तीपटाच्या चौकटीत, कुणी मांडून ठेवली असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आणि ही जिजाई ज्या बाईने उभी केली ती गौरी. प्रभातमध्ये किरकोळ कामं करता करता पडद्यावर आलेली, नाटकाची तालीम नाही, शाळेचा संस्कार नाही. तिची चाल बघा. म्हशीच्या अंगावरून फिरणारा तिचा हात बघा. पागनीसांबद्दल बोलताना आपण भावावस्था वगैरे शब्द वापरतो. गौरीच्या कामाला मला एकच शब्द सुचतो, खरेपणा. पदर खोचून ती दारात उभी राहिली की सेटवरचं घर घर होतं.

शिवाजीमहाराजांकडून नजराणा येतो तो प्रसंग आठवा. दागिने, कपडे बघून ती आणि पोरं हरखून जातात, अंगावर घालून बघतात. तुकोबा ते सगळं परत पाठवायला निघतात. पूर्वी या ठिकाणी मी तुकोबांच्या बाजूने असायचो, विरक्तीच्या. या वेळी माझी नजर पोरांच्या चेहऱ्यावर गेली, आणि मग तिच्या. एकदाच काहीतरी आलं होतं घरात.

तुकोबांबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला नाही, उलट वाढला. जिजाईसारखं माणूस रोज समोर असताना, ते बरोबर बोलतंय हे कळत असताना, आपल्या वाटेवर ठाम राहणं किती कठीण असेल. पण माझं म्हणणं असं की हा सिनेमा इतका मोठा आहे तो चमत्कारांमुळे नाही आणि एकट्या तुकोबांमुळेही नाही. तो मोठा आहे कारण त्यात जिजाईला पूर्ण बोलू दिलं आहे.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी पाहिलाय त्यांनी जरूर लिहा. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी आधी बघा, मग हे वाचा.

चाफेकळी

काय सुंदर लिहिलंयस. मेथीची काडी डोळ्यांसमोर आली.

थोडी भर. खऱ्या जिजाईबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं तुकोबांच्याच अभंगांतून आणि पुढे महिपतींच्या चरित्रातून येतं. तिच्या तोंडची भांडणं गाथेत आहेत, पण ती तुकोबांच्या लेखणीतून. तिने स्वतः लिहिलेली एक ओळ आपल्यापर्यंत आलेली नाही. त्यामुळे ‘कजाग आवली’ (आवली हे जिजाईचंच दुसरं नाव) हा शिक्का तीनशे-साडेतीनशे वर्षं तसाच राहिला.

पण मागचा काळ बघा. १६३०च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. तुकोबांची पहिली पत्नी रखमाई त्यात गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. जिजाई ही पुण्याच्या गुळव्यांची लेक, बऱ्या घरातून आलेली. दुष्काळात भुकेने माणसं मरताना जिने डोळ्यांनी पाहिलंय, त्या बाईने घरात दाणा नसताना शांत राहावं ही अपेक्षाच कशी करायची? सवतीचा मृत्यू बघितलेल्या बाईचा तो धाक आहे, भांडकुदळपणा नाही.

आणि हीच बाई भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांसाठी रोज भाकरी घेऊन जायची, अशी कथा आहे. वाटेत तिच्या पायात काटा मोडतो आणि तो काढायला विठोबा येतो. तुकोबांच्या नाही, तिच्या पायातला. ही कथा ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांना तिची किंमत नक्की कळली होती.

रानवाट

वाखुसा (वाचनखूण साठवली). आज रात्रीच बघतो.

तानपुरा

मी गाण्यातला माणूस, त्यामुळे माझं बघणं कानांनी सुरू होतं. या सिनेमाची सुरुवात मी शिकवणीत मुलांना ऐकवतो.

तुकोबा पांडुरंगाचं ध्यान करत गातायत. सरळ चाल, ठाय लय, एकही जागा दाखवण्यासाठी घेतलेली नाही. आणि लगेच तेच शब्द सिनेमातल्या खलनायकाच्या, सालोमालोच्या तोंडी, देवळात. आता त्यात मुरक्या आल्या, हातवारे आले, श्रोत्यांकडे बघणं आलं, आणि हे काव्य माझंच आहे हा दावाही आला. शब्द तेच. सिनेमा सुरू होऊन काही मिनिटंच झालीत आणि संगीतकार केशवराव भोळ्यांनी एकाही संवादाचा आधार न घेता सगळ्या गोष्टीचा झगडा कानात घातलाय. खरं काय आणि उसनं काय, हे बघणाऱ्याला फक्त गाण्यातून कळतं. मला तरी यापेक्षा नेमकी सुरुवात आठवत नाही.

सालोमालो हे नाव गाथेतल्या अभंगांतही येतं बरं का. दुसऱ्याच्या ओळींखाली आपलं नाव घालणाऱ्यांवर तुकोबांनी चांगलेच कोरडे ओढलेत. पटकथाकार शिवराम वाशीकरांनी तेवढा धागा पकडून आख्खा खलनायक उभा केला, आणि पडद्यावर भागवतांनी तो काय रंगवलाय!

दुसरी गोष्ट ‘आधी बीज एकले’ची. मी लहानपणापासून तो तुकोबांचाच अभंग समजत होतो. माझे गुरुजीसुद्धा तसंच सांगायचे. तो लिहिलाय शांताराम आठवल्यांनी, या सिनेमासाठी. गाथा कितीही चाळा, सापडणार नाही. गेली कित्येक वर्षं लोक तो भजनात म्हणतायत, प्रवचनात दाखला म्हणून देतायत. सालोमालो दुसऱ्याचं काव्य आपलं म्हणून सांगतो, आणि इथे एका कवीने आपलं काव्य तुकोबांच्या ओंजळीत असं सोडून दिलं की त्याचं नावच मागे राहिलं. मला हे फार मोठं वाटतं.

जिजाईबद्दल तुझं म्हणणं पटलं. फक्त एक सांगतो. तिचं बोलणंही एका लयीत आहे. भांडण वाढतं तशी लय चढते, आणि तुकोबांचं उत्तर येतं ते संथ. संवाद वाचून हे कळणार नाही, डोळे मिटून ऐका.

घाटमाथा

लेख आवडला, पण मला या सिनेमाशी एक भांडण आहे आणि ते इथे मांडतोच.

चमत्कार. शेतात धान्याचा पाऊस काय, महाराजांना पकडायला आलेल्या सैनिकांना जिकडेतिकडे शिवाजीच दिसतात काय, नदीतून देवी वह्या घेऊन वर येते काय, आणि शेवटी गरुडाचं विमान. ज्या माणसाने कर्मकांडावर, बुवाबाजीवर असे आसूड ओढले, त्याच्या आयुष्यावरचा सिनेमा चमत्कारांवर तोलायचा? तुकोबांचं मोठेपण त्यांच्या शब्दांत आहे. गाथा बुडवली तरी ती लोकांच्या ओठांवर होती म्हणून तरली, हा अर्थ मला जास्त भिडतो. कुणी म्हातारी जात्यावर म्हणत होती, कुणी गुराखी म्हणत होता, त्यांच्याकडून ओळी गोळा झाल्या असतील. हे दाखवलं असतं तर?

जिजाईचे प्रसंग उत्तम आहेत हे मान्य. पण दर वेळी तिने रास्त प्रश्न विचारायचा आणि दिग्दर्शकाने आकाशातून उत्तर पाडायचं, याने तिच्या प्रश्नाची धारच जाते.

कंदील

@घाटमाथा, मुद्दा बिनतोड वाटला म्हणून दोन दिवस थांबून उत्तर देतोय.

धार जाते का? मी पुन्हा तपासलं. चमत्कार झाल्यावर जिजाईच्या घरात काय बदलतं? चूल तीच, म्हैस तीच, नवरा तोच. देवाने पोर बरं केलं तरी उद्याची भाकरी तिलाच थापायचीय. चमत्कार तुकोबांच्या विरोधकांची तोंडं बंद करतो, जिजाईचं नाही. ती पुढच्या प्रसंगात पुन्हा तेच विचारते. म्हणजे दिग्दर्शकांनी आकाशातून उत्तर पाडलं खरं, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं त्यांनाही वाटत नसावं.

आणि अगदी शेवटी तर बघ. वैकुंठाचं विमान दारात आलेलं आहे आणि ती खालीच राहते. सगळ्यात मोठा चमत्कार तिच्या डोळ्यांसमोर होतोय आणि तरीही ती मागे उरते. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेतही तुकोबा तिला चल म्हणतात, तर ती म्हणते पोरं लहान आहेत, घरी म्हैस आहे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

गाथा लोकांच्या ओठांवर तरली, हा अर्थ मलाही प्रिय आहे. तो सिनेमा कुणीतरी करायला हवा.

विटेवरचा

आमचं घर वारकरी. आजोबा माळकरी, चुलते माळकरी, मी आता शहरात असलो तरी आषाढीला चार दिवस का होईना चालतो. त्यामुळे चमत्कारांबद्दल आमच्या घरातली बाजू सांगतो.

आजोबांनी हा सिनेमा जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. ते सांगायचे की पडद्यावर तुकोबा आले की बाया-माणसं जागेवरूनच हात जोडायची, आणि शेवटी विमान निघालं की तंबूत एकदम नामाचा गजर सुरू व्हायचा. ते लोक विमान कसं उडवलं हे बघायला आले नव्हते. ते तुकोबांना निरोप द्यायला आले होते. दर वर्षी तुकाराम बीजेला, म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या दिवशी, देहूला जाऊन जे करतात तेच ते तंबूत करत होते. त्या माणसांसाठी तो प्रसंग चमत्कार नव्हता, वियोग होता. विमान काढून टाकलं असतं तर त्यांना निरोप द्यायला जागाच राहिली नसती.

आणखी एक. आमच्या देवघरात तुकोबांची तसबीर आहे, आजोबांच्या वेळची. कपाळावर गंध, हातात वीणा, डोळे अर्धवट मिटलेले. लहानपणापासून तिच्यापुढे उदबत्ती लावत आलोय. पंचविशीत हा सिनेमा नीट पाहिला आणि चमकलोच. तो चेहरा पागनीसांचा होता! घरी सांगितलं तर आजोबा शांतपणे म्हणाले, “मला ठाऊक आहे.” तसबीर हलवायचा प्रश्नच आला नाही, आजही तिथेच आहे. खरे तुकोबा कसे दिसत होते कुणाला माहीत आहे? आमच्यापुरते ते असेच दिसतात.

पागनीस मूळचे संगीत नाटकातले, स्त्री-भूमिका करणारे. साडी नेसून रंगभूमीवर वावरलेला माणूस तुकोबा कसा होणार, अशी शंका तेव्हाही अनेकांना आली असेल. मला वाटतं त्या हालचालीतला मऊपणा तिथूनच आला. त्यांच्या तुकोबांमध्ये पुरुषी ताठा अजिबात नाही. जिजाई ओरडते तेव्हा ते ज्या पद्धतीने गप्प राहतात, ते गप्प राहणं बायकांना ओळखीचं वाटावं असं आहे.

चाफेकळी

@विटेवरचा, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. या दृष्टीने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे या घरात आवाज चढवण्याचं, व्यवहार बघण्याचं काम बाईकडे आणि सोसून गप्प राहण्याचं काम पुरुषाकडे. नेहमीच्या घराच्या अगदी उलट. १९३६च्या प्रेक्षकांना हे जाणवलं असेल का?

जुनी रिळं

धागा वाचतोय, राहवलं नाही म्हणून लिहितोय. प्रभातवर आयुष्यभर प्रेम केलंय.

दामले आणि फत्तेलाल या जोडीबद्दल कुणी तरी बोललं पाहिजे. नाव कायम जोडीनेच घेतलं जातं. दोघंही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. १९२९मध्ये कोल्हापुरात प्रभात सुरू झाली ती या दोघांसह शांतारामबापू (व्ही. शांताराम), धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच भागीदारांची. १९३३ला सगळा संसार पुण्याला आला. विष्णुपंत दामल्यांचा हात ध्वनीवर, फत्तेलालांचा कलादिग्दर्शनावर. म्हणजे हा सिनेमा मूळचा एका ‘ऐकणाऱ्या’ माणसाचा आणि एका ‘बघणाऱ्या’ माणसाचा आहे. दोघांपैकी कुणीही मोठा वक्ता नव्हे, कारागीर माणसं. म्हणून त्यात भाषण नाही. इथल्या भिंतीला खरंच कुणीतरी हात लावलाय असं वाटतं, उंबऱ्यावर खरंच कुणीतरी बसत असेल असं वाटतं.

शेख फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणायचे, त्यांनी पडद्यावरचं देहू घडवलं. त्यांनी तुकोबांचं घर, देऊळ, त्यातला विठोबा ज्या मायेने उभा केला तो बघताना माझं मन दर वेळी भरून येतं. याबद्दल जास्त लिहित नाही, बघणाऱ्याला ते दिसतं.

याच्या आदल्या वर्षी प्रभातनेच ‘धर्मात्मा’ केला होता. एकनाथांवर, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, साक्षात बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत. त्याचं मूळ नाव ‘महात्मा’, ते ब्रिटिश सेन्सॉरमुळे बदलावं लागलं. केवढं मोठं नाव, केवढा मोठा आवाज. पण दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहा. बालगंधर्वांकडे बघताना आपण बालगंधर्वांनाच बघतो. पागनीसांकडे बघताना पागनीस नाहीसे होतात.

मुंबईत सेंट्रल सिनेमाला ‘संत तुकाराम’ सलग ५७ आठवडे चालला. १९३७ला व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्या सिनेमाची बाहेरच्या जगाने घेतलेली ही अगदी सुरुवातीची दखल. तिथल्या प्रेक्षकांना ना मराठी येत होतं, ना वारी माहीत होती. त्यांना काय कळलं असेल? मला वाटतं कंदील यांनी लिहिलंय तेच कळलं असेल. देवाच्या नादी लागलेला नवरा आणि चूल पेटवणारी बायको जगाच्या पाठीवर कुठेही ओळखू येतात.

घाटमाथा

@विटेवरचा, ‘चमत्कार नव्हता, वियोग होता’ हे मी स्वीकारतो. सगळ्या चमत्कारांबद्दल नाही, पण विमानाबद्दल स्वीकारतो. धान्याच्या पावसाबद्दल माझं भांडण कायम आहे.

@जुनी रिळं, तुमच्याकडे आणखी असेल तर लिहा ना. वेगळा धागा काढलात तरी चालेल.

जुनी रिळं

काढेन सवडीने. एक मात्र आत्ताच सांगतो, कारण ते मनातून जात नाही.

प्रभात १९५३ला बंद पडली. त्याच जागेत १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि तिथे सिनेमा शिकणाऱ्या मुलांच्या कितीतरी पिढ्या या जुन्या स्टुडिओच्या सावलीत वाढल्या. पण २००३च्या जानेवारीत तिथे आग लागली आणि जुन्या सिनेमांच्या ज्वलनशील नायट्रेट फिल्मचे कितीतरी डबे गेले, त्यात प्रभातचा ठेवाही होता. नायट्रेट एकदा पेटलं की विझवता येत नाही, ते स्वतःच स्वतःला प्राणवायू पुरवतं. त्या आगीची बातमी वाचली त्या दिवशी मी जेवलो नाही.

आज आपण जी प्रत बघतो ती कुणीतरी वेळेवर काढून ठेवलेल्या नकलेची नक्कल असते. खरखर ऐकू येते, मध्येच चौकट हलते, काही ठिकाणी जिजाईचा शब्द नीट कळत नाही. नवीन मुलं म्हणतात आवाज खराब आहे. खरं आहे. पण तिचा आवाज आपल्यापर्यंत आला, एवढ्यानेच मला भरून येतं. तुतारी फुंकणारी ती प्रभातची बाई पडद्यावर आली की मी आजही सरसावून बसतो.

तानपुरा

@जुनी रिळं, हे वाचून काटा आला. आवाजाबद्दल एक सुचवतो. हेडफोन लावून बघा. खरखर तितकीच राहते, पण तिच्यामागचा एकतारीचा आणि टाळांचा नाद वेगळा ऐकू येतो. टाळ किती हलके वाजवलेत ते तेव्हा कळतं. आवाज मोठा करून घेतलेल्या आजच्या भजनांची सवय झालेल्या कानांना पहिली दहा मिनिटं जड जातील. मग उमगायला लागतं.

रानवाट

पाहिला. म्हणजे काल पूर्ण केला. मी ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे फारसे बघत नाही, हे आधीच सांगतो. पहिला अर्धा तास मोबाइल दोनदा हातात घेतला. नंतर नाही घेतला.

माझी दहा वर्षांची मुलगी मध्येच येऊन बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. तिला म्हैस आवडली, जिजाई फार आवडली. देवळातल्या प्रसंगात ती चक्क उभी राहिली. मला वाटलं देवावर पायताण उगारलं म्हणून तिला काहीतरी विचित्र वाटलं असेल. तर म्हणाली, “बाबा, ती बरोबर बोलतेय, पण तिचं कुणी ऐकतच नाहीये.”

शेवटी विमान वर गेलं तेव्हा तिने विचारलं, “मग आई का नाही गेली?” मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं, तिचं समाधान झालं नाही. तुम्ही मंडळी जाणकार आहात. दहा वर्षांच्या मुलीला कळेल असं काय सांगू?

चाफेकळी

रानवाट, तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. उत्तर मलाही लगेच सुचत नाहीये. काटा काढायला विठोबा स्वतः आला होता ती गोष्ट मात्र तिला नक्की सांगा.

कंदील

@रानवाट, तुमच्या मुलीचा प्रश्न मी आईला वाचून दाखवला. आई गॅसपाशी होती, पोळी तव्यावर होती. तिने फार विचार केला नाही. म्हणाली, “संध्याकाळ होत आली होती ना. म्हैस कोण पिळणार होतं?” आणि पोळी उलटली.

मग थोड्या वेळाने बाहेर येऊन विचारलं, “ती मुलगी कुठल्या इयत्तेत आहे?”

मावशीलाही सिनेमा बघायचाय, म्हणून रविवारी दुपारी पुन्हा लावतोय. आईने बजावलंय की या वेळी आवाज मोठा ठेव आणि मध्ये थांबवून मला काही समजावून सांगू नकोस. तानपुरा, हेडफोन दोघींना एकदम कसे लावायचे ते सांगा.